कोळशाच्या आंघोळीला आम्ही दोघं

एप्रिल संपत आला की आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडायला लागतात. कुणी मनालीला बर्फात लोळतंय, कुणी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खातंय, तिसऱ्या मजल्यावरचे शहाकाका सहकुटुंब दुबईला. यंदा मीही एक फोटो टाकला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, मागे कोळशाचा डोंगर. शहाकाकांनी लगेच विचारलं, "भाभी, ये कौनसा रिसॉर्ट है?" मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी मी इतकी वैतागलेली होते की एकदा टाइप करायला लागले असते तर थांबलेच नसते.

तर शहाकाका, आणि इतर वाचकहो, हे रिसॉर्ट यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूला आहे. तिथे कोळशाला आंघोळ घालतात. आणि तुमचा नवरा माझ्या नवऱ्यासारखा असेल तर कृपा करून त्याला घरी ठेवून जा.

आधी जायचं का ठरलं ते सांगते. आमची मुलगी ऋतुजा नागपूरला इंजिनियरिंग शिकली आणि तिकडेच एका वॉशरीत नोकरीला लागली. वॉशरी म्हणजे खाणीतून निघालेला कोळसा धुण्याचा कारखाना. खाणीतल्या कोळशात दगडमाती फार असते. तो तसाच वीज केंद्रात पाठवला तर दगडाचंही भाडं भरायचं, दगडही भट्टीत घालायचा आणि शेवटी त्याची राख उपसत बसायचं. म्हणून आधी धुऊन दगड वेगळा करतात. मी हे मीरा रोडच्या नणंदेला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "धुतात म्हणजे? साबणाने?" मला हसू आलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी एक दिवस येतं, एक दिवस रुसतं, मध्ये टँकर. माणसांना अंगावर दोन तांबे घ्यायची पंचाईत आणि कोळशाला मात्र धो-धो आंघोळ. हे ऐकून माझंच डोकं फिरलं होतं.

नवऱ्याचं दुखणं वेगळं होतं. त्याला मुलगी घरी हवी होती. त्याच्या जुन्या ऑफिसातल्या एका मित्राने तिच्यासाठी अंधेरीत नोकरी बघून ठेवली होती. एसी, टेबल, संध्याकाळी घरी. मे महिन्याच्या सुरुवातीला कळवायचं होतं. तिला विचारण्याआधीच याने तिची खोली रंगवली आणि खिडकीखाली नवं टेबल आणून ठेवलं. ऋतुजाचं आणि त्याचं फोनवर रोज वाजायचं. शेवटी तीच म्हणाली, "पप्पा, माझी एक ट्रायल आहे. आमचा कोळसा वीज केंद्रवाले सारखे नाकारतात, राख जास्त येते म्हणून. मी धुण्याची पद्धत थोडी बदललीय. ट्रायल फेल झाली तर मी येते परत, भांडणार नाही. पास झाली तर मला कायम करतील. मग अंधेरीचं नाव काढायचं नाही."

"कबूल," नवरा म्हणाला, आणि फोन ठेवून मला म्हणाला, "आपण गाडी घेऊन जाऊ."

"कशाला?"

"फेल झाली तर सामान आणायला नको?"

आणि या गृहस्थाने खरोखर मागची सीट आडवी पाडली आणि डिकीत दोऱ्या टाकल्या. मुलीच्या परीक्षेला बाप निघाला तो नापासाची तयारी करून. मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही.

आता नवऱ्याच्या रोगाबद्दल. सावंत, म्हणजे आमचे हे, सोसायटीचे गेली कित्येक वर्षं सेक्रेटरी. पाण्याची वेळ सांभाळणं, टँकरवाल्याशी हिंदीतून भांडणं, पंप दुरुस्त करून घेणं, यात त्यांची हयात गेली. परिणाम असा की या माणसाला वाहता नळ बघवत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये हा आधी बेसिनचे नळ तपासतो, मग नवरा-नवरीला भेटतो. एकदा गावी रत्नागिरीला पाहुण्यांच्या परसात पन्हळीचं पाणी पोफळींना सोडलेलं होतं, तेही याने दगड लावून अडवलं. पाहुण्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण पुन्हा बोलावलंही नाही.

शुक्रवारी पहाटे निघालो. भाईंदरहून समृद्धी महामार्ग धरायचा तर आधी काशीमीरा, घोडबंदर आणि भिवंडीच्या पुढे आमणे इतकं पार करावं लागतं. वाचकांना सल्ला: पहाटेच निघा. काशीमीऱ्याला ट्रकांच्या मध्ये अडकलात तर समृद्धीवर वाचणारा सगळा वेळ तिथेच आधी घालवून बसता. आमणेपासून पुढे मात्र रस्ता खरोखर चांगला आहे. कसाऱ्याच्या डोंगरातला लांब बोगदा संपला की हवाच बदलते. टोल भरपूर आहे, वर्ध्यापर्यंत हजाराच्या वर जातो. टायर तपासून घ्या, डबा घरून घ्या. थांबायच्या जागा कमी आहेत आणि जिथे आहेत तिथे एकाच चवीचा समोसा सगळीकडे मिळतो.

संभाजीनगरच्या पुढे एका पंपावर आम्ही थांबलो. मी चहा सांगून पंधरा मिनिटं वाट बघितली, नवऱ्याचा पत्ता नाही. शेवटी तो पँट ढोपरापर्यंत भिजवून आला. बाथरूममधला फ्लश गळत होता, तो टाकीचं झाकण उघडून दुरुस्त करत होता.

"अहो, आपण प्रवासाला निघालोय की कामावर?"

"अगं, बादलीच्या बादली चालली होती."

"ती बादली भाईंदरला येणार होती का?"

कितीही बोला, पुढच्या नळापाशी तो पुन्हा तसाच वागतो.

वर्ध्याजवळ समृद्धी सोडली आणि हिंगणघाट, वरोरा करत वणीकडे वळलो. ऊन असं की गाडीची काच हाताला चटका देत होती. वरोऱ्यापुढे कोळशाचे ट्रक सुरू झाले. रस्त्याकडेची झाडं काळी, टपऱ्यांची छपरं काळी, म्हशी आधीपासूनच काळ्या. एका टपरीवर आलूबोंडा आणि त्यावर लाल तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, पण नुसतं तेवढ्यासाठी मी पुन्हा जाईन. लॉज वणीत मिळतात, हजार-बाराशेत एसी खोली. एसी चालतो का ते पैसे देण्याआधी बघा. आमच्या खोलीतला नळ गळत होता. त्यावर मी अधिक काही लिहीत नाही.

संध्याकाळी ऋतुजा भेटायला आली. उन्हाने रापलेली, नखांच्या कडांना काळं. गाडीची आडवी पाडलेली सीट तिला दिसली. तिने गाडीचं दार जरा जोरात लावलं.

"उद्या ट्रायल आहे. तुम्ही परवा या ना प्लांट बघायला," ती म्हणाली.

मी हो म्हणणार होते. पण तिचे मॅनेजर, वांढरेसाहेब, तिच्यासोबत आले होते आणि विदर्भातल्या माणसाला पाहुणा परत पाठवणं जमतच नाही. "परवा कायले? उद्याच या ना जी! पोरीचं काम पाह्यलं पाहिजे आईबापानं. सकाळी नाश्ता आमच्याकडं." ऋतुजाने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला तिच्यात माझी सासू दिसली.

शनिवारी सकाळी आम्ही हेल्मेट घालून गेटमधून आत गेलो. आत जाता जाता नवरा मोठ्याने म्हणाला, "काय हो वांढरेसाहेब, आमच्याकडे म्हणतात, कोळसा कितीही उगाळा, काळाच!"

सगळं ऑफिस टाळ्या वाजवायला लागलं. ऋतुजाने कपाळावर हात मारला. तिथली रीत आहे म्हणे. जो पाहुणा ही म्हण म्हणेल त्याने अख्ख्या पाळीला चहा आणि बिस्किटं द्यायची. येणारा प्रत्येक माणूस म्हणतोच, त्यामुळे बिस्किटांचा डबा कधी रिकामा होत नाही. "आजपर्यंत एकही सुटला नाही," वांढरेसाहेब म्हणाले. मी मनातल्या मनात म्हण गिळली, कारण माझ्याही ओठांवर तीच होती.

ऋतुजाने आधी लॅबमध्ये एक बादली दाखवली. त्यात काळं, जडसर पाणी. मॅग्नेटाइट नावाची लोखंडी भुकटी पाण्यात कालवली की पाणी जड होतं. तिने त्यात कोळशाचा एक खडा आणि तसाच दिसणारा दगडाचा एक खडा टाकला. मला दोन्ही सारखेच वाटले होते. कोळसा वर तरंगला, दगड तळाला गेला. बस, एवढंच. बाहेर हेच मोठ्या हौदात चालतं. मला एकदम माझी आई आठवली. पेरणीआधी ती भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायची. पोकळ दाणे वर यायचे, ते फेकायचे, भरीव दाणे खाली राहायचे, ते पेरायचे. इथे उलटं, वर येईल ते ठेवायचं. मी हे बोलून दाखवलं तर ऋतुजा म्हणाली, "हेच! मम्मी, आमच्या सरांनी हे शिकवायला आख्खं वर्ष घेतलं." मी थोडी फुगले हे मान्य करते.

आणि पाण्याबद्दल माझा जो राग होता, तोही तिने निम्मा काढून टाकला. बाहेर एक प्रचंड गोल टाकी आहे. धुऊन काळं झालेलं पाणी तिच्यात संथ फिरतं, गाळ खाली बसतो, वरचं नितळ पाणी कडेवरून पडून पुन्हा धुवायला जातं. "तेच तेच पाणी फिरतं," ती म्हणाली. "थोडं उडतं, थोडं कोळशासोबत जातं, तेवढंच नवं घ्यायचं." नवरा त्या टाकीपाशी देवळात उभा राहावा तसा उभा राहिला. आपल्या गच्चीवर अशी बसवता येईल का, असं त्याने तीनदा विचारलं.

मग ट्रायल सुरू झाली. वीज केंद्राकडून एक साहेब आले होते, ते बेल्टवरून पडणाऱ्या धुतलेल्या कोळशाचे नमुने आपल्यासमोर काढून घेत होते. ऋतुजा हौदाच्या काठावर उभी राहून पाण्याचा जडपणा दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होती. तिचा चेहरा बारावीच्या पेपरच्या दिवशी असायचा तसा झाला होता. आम्हाला ती एवढंच म्हणाली, "जमिनीवरच्या पट्टीच्या आत उभे राहा आणि कशालाही हात लावू नका. पप्पा, कशालाही."

"मी काय लहान आहे?" नवरा म्हणाला.

खाली पंपांची रांग होती. आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. वांढरेसाहेब हातवारे करून मला काहीतरी समजावत होते, मी मान डोलावत होते. मध्येच मी मागे पाहिलं तर नवरा एका मोठ्या पंपापाशी वाकला होता. मग तो सरळ झाला, हात रुमालाला पुसले आणि माझ्याकडे बघून हसला. ते हसू मी ओळखते. गेली तीस वर्षं ओळखते. पण तिथे, त्या आवाजात, माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

थोड्या वेळाने जळक्या दोरीसारखा वास यायला लागला. मग धूर. मग तो पंप किंचाळल्यासारखा आवाज करून बंद पडला आणि त्याच्यामागे एकेक करत सगळा प्लांट थांबला. इतक्या गोंगाटानंतर ती शांतता फार वाईट होती. वर हौदाच्या काठावर ऋतुजा तशीच उभी होती, दोन्ही हात कठड्यावर.

झालं होतं असं. जड पाणी ढकलणाऱ्या त्या पंपाच्या दांड्याभोवती गळती अडवायला दोरीची एक वेणी बसवलेली असते आणि ती जळू नये म्हणून एका बारीक पाइपातून तिच्यावर सतत स्वच्छ पाणी सोडतात. त्यातलं थोडं थेंब थेंब बाहेर गळतं. गळायलाच पाहिजे. आमच्या सोसायटीचा पंपही तिथूनच गळतो आणि सावंत दर उन्हाळ्यात त्यावर मेकॅनिकशी भांडतात. त्यांना ते थेंब दिसले, बारीक पाइपावरचा छोटा वाल्व दिसला, आणि हात गेला.

पण हे सगळं कळलं नंतर. आधी वांढरेसाहेब पंपवाल्या मारोतीभाऊंवर धावून गेले. "वाल बंद कोनं केला? तू होता ना इथं?"

"मी त हातच नाही लावला साहेब! मी नमुन्याच्या पोत्याले गेलो होतो, तुमीच धाडलं ना!"

"मंग वाल आपोआप बंद होते का?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता हा माझ्या मागे लपतो की काय. पण तो दोन पावलं पुढे आला आणि सोसायटीच्या सभेत बोलतो तसा मोठ्याने म्हणाला, "मी बंद केला. पाणी वाया जात होतं म्हणून. यांची काही चूक नाही."

कुणी हसलं नाही. मारोतीभाऊंनी डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत मारलं. वीज केंद्राचे साहेब घड्याळाकडे बघायला लागले.

ऋतुजा जिना उतरून खाली आली. तिने तो वाल्व पाहिला, जळकी वेणी पाहिली. मग बापाकडे पाहून अगदी हळू विचारलं, "पप्पा, मुद्दाम केलंत?"

मला आयुष्यात या माणसाचा हजारदा राग आला आहे, त्या क्षणीही येतच होता. पण तिचा तो प्रश्न ऐकून तो राग बाजूला राहिला. बाहेर आडव्या सीटची गाडी उभी होती, डिकीत दोऱ्या होत्या. तिने तसा विचार केला तर तिला दोष कसा द्यायचा?

"ऋतू," मी म्हणाले, "हा माणूस पेट्रोल पंपावरचा फ्लश दुरुस्त करून आलाय. लॉजच्या बाथरूमात याने काल रात्री नळाला सुतळी बांधलीय. याला मुद्दाम काही करता आलं असतं तर मी सुखात नसते का?"

ती हसली नाही. पण बापाकडे पुन्हा एकदा बघून तिने मान हलवली आणि वीज केंद्राच्या साहेबांकडे वळली.

साहेब बरे होते. ते म्हणाले, पंप बंद पडेपर्यंतचे नमुने ठीक दिसतायत, शेवटचे दोन सोडून देऊ, बाकीच्यांवर निकाल लावू. वांढरेसाहेबांनी लगेच मान डोलावली. मलाही वाटलं, सुटलो बाई.

"नाही सर," ऋतुजा म्हणाली. "पंप कधीपासून मंद व्हायला लागला ते मला माहीत नाही. त्या वेळात दगडही वर आला असेल. नको ते नमुने टाकून पास होण्यात काय अर्थ आहे? उद्या परत पूर्ण घेऊ."

"अन् उद्या फेल झाली तर?" वांढरेसाहेब म्हणाले.

"तर फेल."

मारोतीभाऊ आणि आणखी दोघं वेणी बदलायला बसले. आम्हाला गेटबाहेर सोडण्यात आलं. शब्द गोड होते, "आराम करा जी, ऊन लय हाय," पण अर्थ आम्हाला कळला. नवऱ्याने जाताना बिस्किटांचे दोन मोठे डबे घेऊन दिले. कुणी ते उघडले की नाही, माहीत नाही.

रविवारी लॉजवर बसवेना, म्हणून आम्ही प्लांटच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. कडुलिंबाची सावली, बाकडं, समोरून ट्रकांची रांग. आत ट्रायल चालू होती. आवाज येत होता तोवर जीवात जीव. जरा आवाज बदलला की दोघंही माना वर करायचो. वाचकांना सांगते, या टपरीवरचा चहा गोड आहे आणि झुणका-भाकर सांगितली तर टपरीवाल्याची बायको घरून करून आणते. पण त्या दिवशी मी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

टपरीवर पाण्याचा एक निळा ड्रम होता आणि त्याचा नळ टपटप गळत होता. मी वाट बघत होते. नवरा उठला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसून राहिला. ट्रक गेले, ट्रक आले, नळ गळत राहिला. शेवटी मलाच सहन होईना.

"अहो, बंद करा तो."

"नको. कशासाठी सोडला असेल कुणास ठाऊक."

"टपरीवरच्या ड्रमाचा नळ कशासाठी सोडतील?"

"तिथेही मला असंच वाटलं होतं," तो म्हणाला. मग ट्रकांकडे बघत, "मला ती घरी हवी होती गं. पण अशी नको."

मी टपरीवाल्याला हाक मारली. "भाऊ, हा नळ बंद करू का? की काही कामाचा आहे?"

"करा ना बाप्पा! कोन नाही म्हनते?" तो म्हणाला. "दोन महिन्यांपासून गळून राह्यला."

मग नवरा उठला आणि त्याने तो नीट बंद केला. वर वायसर बदलायला सांगितलं, ते सोडा.

निकाल लगेच लागत नाही. नमुने दळून भट्टीत जाळतात आणि उरलेली राख मोजतात. सोमवारी आम्ही सामान गाडीत टाकून गेटवर थांबलो होतो. ऋतुजा बाहेर आली, रविवारचेच कपडे अंगावर, डोळे लाल.

"राख बसली हद्दीत," ती म्हणाली. "कोळसा ओला जास्त आहे म्हणून कुरकुर केली त्यांनी. एक दिवस निथळून मग भरायचा, असं ठरलं. पण पास."

मी तिला मिठी मारली, जॅकेटसकट. माझी ऑफव्हाइट ओढणी कायमची गेली. नवरा बाजूला उभा होता, अपराधी पोरासारखा. ती त्याच्याजवळ गेली.

"पप्पा, घरी ते नवीन टेबल आणलंय ना?"

"हो."

"पुढच्या वेळी येताना घेऊन या. माझ्या खोलीवर टेबलच नाहीये. दोऱ्या आहेतच तुमच्याकडे."

तो जोरजोरात मान हलवत राहिला. गाडी सुरू केल्यावर कितीतरी वेळ त्याने एसी लावला नाही, आणि मीही लावा म्हटलं नाही.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. समृद्धीवर आम्ही थांबलो त्या पंपावरचा फ्लश पुन्हा गळत होता. नवरा काउंटरवरच्या माणसाला सांगून आला, "भाई, वो अंदर का फ्लश लीक है, देख लेना," आणि गाडीत बसला. घोडबंदरला दीड तास अडकलो.

आता घरी येऊन आठवडा झाला. विचाराल की जावं का? प्लांट असा कुणालाही बघायला मिळत नाही, ओळख लागते. पण वणी-वरोऱ्याकडे गेलात तर ते काळे रस्ते बघा, आलूबोंडा खा, आणि घरी येऊन दिवा लावाल तेव्हा तुमच्या बटणामागे किती दगड वेगळा काढावा लागला ते आठवा. मला तरी आता पंखा लावताना आठवतं. पाण्यावरचा माझा राग मात्र पूर्ण गेलेला नाही. टाकी कितीही गोल फिरली तरी तिकडच्या गावांतल्या बायका डोक्यावरून हंडे नेत होत्या, ते मी गाडीतून पाहिलं आहे.

अंधेरीच्या मित्राला कळवायचं नवरा रोज पुढे ढकलत होता. "उद्या करतो फोन." रोज संध्याकाळी तो रंगवलेल्या खोलीत जाऊन टेप घेऊन टेबल मोजायचा. पाय सुटे केले तर डिकीत बसेल, असं त्याचं म्हणणं.

काल ऋतुजाचा फोटो आला. तोच पंप, तोच बारीक पाइप. वाल्वच्या मुठीला लाल रंग दिलाय आणि वर पत्र्याची पाटी लटकवलीय: "हे पाणी चालूच ठेवायचे आहे. बंद करू नये. अधिक माहितीसाठी ऋतुजा सावंत यांना विचारावे." खाली तिने लिहिलं होतं, "सगळे याला पप्पांचा वाल म्हणतात. मारोतीभाऊंनी स्वतः रंगवला."

नवऱ्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला. पाटीवरचं तिचं नाव वाचलं, थेंब गळत होते ते बघितले, पुन्हा नाव वाचलं. मग तिथल्या तिथे अंधेरीच्या मित्राला फोन लावला.

"अरे, ती नाही येत. नाही नाही, पगाराचा प्रश्न नाही. तिच्याशिवाय तिकडे प्लांट चालत नाही."

हे साफ खोटं आहे. प्लांट तिच्या आधीही चालत होता, आणि एकदाच बंद पडला तो कुणामुळे, हे मला माहीत आहे. माझ्या जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात खाली पंप सुरू झाला, पाणी आलं होतं, आणि मी बोलायचं सोडून पिंप भरायला गेले.